उपडा पेला

"बाबा, अजूनही वेळ गेलेली नाही. बरं वाटत नाही म्हणून सांगून टाकतो मी समितीला," घाटावर गाडी उभी करत तिबो म्हणाला. "चारचौघांत कशाला हसं करून घ्यायचं?"

आल्सीद बोदिनोने गाडीची काच खाली केली. व्हिएन नदीचे गढूळ पाणी काठावरच्या झाडांच्या बुंध्यांना टेकले होते, त्याकडे तो पाहत होता.

"आधी रूसोलवर जाऊन येऊ," तो म्हणाला.

"रस्ता पाण्याखाली आहे, बाबा. स्टेशनवरच सांगितलं ना?"

"रूसोल चढावर आहे रे."

"मळा चढावर आहे. रस्ता नाही."

रूसोल हा आल्सीदच्या वडिलांनी लावलेला द्राक्षमळा. सगळी जमीन मुलाच्या नावावर करताना आल्सीदने एकच गोष्ट मागितली होती: बाकी काय हवे ते कर, रूसोलला धक्का लावू नकोस. मग तो शिनों गाव सोडून लेकीकडे, तूर शहरात राहायला गेला. तिथे तापाने त्याचे नाक पार बधिर करून टाकले. रोज सकाळी लवंग, संत्र्याची साल, दळलेली कॉफी हुंगत त्याने वास एकेक करून परत मिळवले. पण गेल्या नाताळात तिबोने रूसोलची म्हणून पाठवलेली बाटली उघडली, तेव्हा तिच्यात त्याला रूसोल सापडली नाही. वाइन चांगली होती, पण परकी होती. तो कोणाला काही बोलला नाही. फक्त त्या दिवसापासून त्याचा स्वतःवरचा विश्वास उडाला.

वसंतात शिनोंला भरणाऱ्या वाइन-चाखणीच्या स्पर्धेचा तो जुना परीक्षक. यंदा समितीने आडून आडून कळवले होते की, प्रकृती साथ देत नसेल तर ही खुर्ची दुसऱ्या कोणाला देता येईल. साऱ्या आयुष्यात त्याला एकच विद्या आली होती. ती अजून शाबूत आहे की नाही, हे त्याला आज कळणार होते.

कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात मालकीण ओदेतने त्याचे दोन्ही गालांवर मुके घेऊन स्वागत केले. "आलात! मला वाटलं, यंदा तुम्ही काही यायचे नाहीत."

"का गं? मेलो असं वाटलं की काय?"

"इश्श, काहीतरीच!" तिने तिबोकडे एकदा पाहिले आणि फडके उचलून पुसलेलाच ओटा पुन्हा पुसू लागली. "मोठं मन आहे हो तुमचं, एवढंच म्हणते."

लोकांना कीव येऊ लागली की ते स्तुती करतात, असे आल्सीदच्या मनात आले. त्याने कॉफी अर्धीच टाकली.

किल्ल्याखालच्या टेकडीत कोरलेल्या तळघरात मेजे मांडली होती. पक्षपात नको म्हणून परीक्षक बाहेरगावचे असत; शिनोंचा तो एकटाच. त्याच्या मेजावर आंजेहून आलेल्या मादाम क्लेरवाल अध्यक्ष होत्या आणि नांतचा एक तरुण व्यापारी होता. नाव दिसू नये म्हणून बाटल्यांवर काळे कापडी मोजे चढवलेले. नियम जुना होता: आपल्या घरची वाइन ओळखू आली, तर परीक्षकाने पेला उपडा ठेवून उठायचे. मत द्यायचे नाही.

पहिल्या काही बाटल्यांना त्याने बेताने गुण दिले. मग एक नवी बाटली ओतली गेली आणि पेला नाकाशी नेताच त्याचा हात थबकला.

ताज्या तासलेल्या शिसपेन्सिलीचा वास. त्यामागून व्हायोलेटची फुले. घोट घेतल्यावर अगदी शेवटी, घशाशी, ती किंचित खारट धार, जी रूसोलखेरीज कुठल्याच मळ्याला नव्हती.

म्हणजे नाताळच्या त्या बाटलीतच काही गफलत झाली होती. नाक गेले नव्हते. त्याचे डोळे भरून आले. गप्प बसून पूर्ण गुण देणे त्याला सहज शक्य होते. त्याने पेला रिकामा करून उपडा ठेवला आणि तो उठला.

"ही आमची आहे. मला मत देता येणार नाही."

"खात्री आहे?" मादाम क्लेरवालनी विचारले.

"पोटच्या पोराला ओळखायला खात्री लागते का, मादाम?"

उरलेल्या दोघांनी त्याच वाइनला सुवर्णपदक दिले. सगळे गाव जमल्यावर मादामनी मोजा उतरवला आणि चिठ्ठी वाचली: "फिर्मां गोद्री."

फिर्मां हा पलीकडच्या तीराचा, आल्सीदचा जन्माचा प्रतिस्पर्धी. मादामना हसू आवरले नाही. "बोदिनोसाहेब, शेजाऱ्याचं बाळ कडेवर घेतलंत की तुम्ही!" पाहुणे परीक्षक मोकळेपणाने हसले. गावातले कोणी हसले नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या. हे हसण्यापेक्षाही आल्सीदच्या जिव्हारी लागले.

बापाचा कोट हातावर घेऊन तिबो पुढे झाला. "माफ करा, मादाम. तापानंतर बाबांच्या नाकाचा भरवसा राहिलेला नाही. मी सकाळीच म्हणत होतो." तो बापाचा हात कोटाच्या बाहीत सरकवू लागला. "चला, बाबा. गाडीची वेळ होईल."

आल्सीदने त्याचा हात हलकेच बाजूला केला. हरल्यावर समोरच्याचा हात हातात न घेता निघून जाणे त्याला जमण्यासारखे नव्हते. तो फिर्मांपाशी गेला.

"जिंकलास, लेका. फार सुंदर केली आहेस." त्याने फिर्मांचा हात हातात घेतला. "मला आपली रूसोल वाटली. माझी जीभ गेली, फिर्मां. पुढच्या वर्षी खुर्चीवर दुसऱ्या कोणाला बसवा म्हणावं समितीला."

फिर्मांने पदक खिशात घातले. त्याने आधी आल्सीदकडे पाहिले, मग त्याच्या खांद्यावरून मागे तिबोकडे.

"पोरा, तू सांगतोस की मी सांगू?"

तिबो कोटाचे बटण चाचपत राहिला.

"आल्सीद," फिर्मां हळू आवाजात म्हणाला, "तुझा मुलगा मला म्हणाला होता, रूसोल बाबांनीच विकायला सांगितलंय."