डब्याच्या पिशवीतली वायर

रक्तपेढीच्या दोन सर्व्हरना डिस्क एकच होती; एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने त्याची जागा घ्यायला तयार राहायचं. दुपारी पहिला सर्व्हर उत्तर देईनासा झाला. खिडकीशी ऑपरेशनसाठी रक्त न्यायला आलेली नर्स ताटकळत होती. “मेला हा, ताई. दुसरा चालू करू काय?” रजतने सोबतच्या सुरभीला विचारलं. “बोलून नाई राह्यला म्हणजे मेलाच, असं कोनं सांगतलं तुले? दोघंही संगं लिहाले बसले, त रक्तगटाईची खिचडी होईन.” सुरभीने पहिल्याची पॉवरची वायर उपटून डब्याच्या पिशवीत टाकली. गावी अल्लीपूरला तिचे वडील विहिरीवरच्या मोटारीला हात लावण्याआधी, कुणी परत बसवू नये म्हणून, फ्यूज काढून असाच खिशात ठेवायचे. “आता कर.” दुसरा सुरू झाला, नर्स रक्त घेऊन गेली. मग रजतने डिस्कवरची नोंद उघडली. मेलेल्या सर्व्हरची शेवटची ओळ वायर निघाली त्याच क्षणाची होती, लिहिता लिहिता अर्धवट तुटलेली.