नीलची शेवटची किक

सायरन वाजला तेव्हा बॉल नीलच्या हातात होता. फायनल संपली होती, पण त्याने बॉल हवेत अचूक झेलला होता, म्हणून नियमाप्रमाणे एक किक बाकी होती. टीम चार पॉइंटांनी मागे. मधल्या दोन उंच खांबांमधून बॉल गेला तर सहा पॉइंट आणि कप. खांबाला नुसता घासला तर एकच पॉइंट.

त्या खांबांपाशी पांढरा कोट घालून, गोल झाला की नाही हे ठरवणारे गोल अंपायर उभे होते. नीलचे वडील, डॉक्टर शशिधर.

लंडनच्या हॅरोत वाढलेला नील या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये शिरला तो टीमला एक माणूस कमी पडला म्हणून. टीममधले ऑस्ट्रेलियन खेळाडू व्हिसा संपला की घरी जायचे. नील कुठे जाणार? तो इथलाच. सगळे गेले आणि तो कॅप्टन झाला. मग मात्र त्याने जिवाचं रान करून टीम बांधली. खांदा दोनदा निखळला, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. टीम फायनलपर्यंत जायची आणि हरून यायची.

शशिधर हॉस्पिटलमधून रिटायर झाले त्याच उन्हाळ्यात क्लब गोल अंपायर शोधत होता. यांच्याकडे पांढरा कोट होता. तेवढ्यावर नेमणूक झाली. पहिल्याच मॅचला त्यांनी मुलाचा गोल नाकारला. तेव्हापासून समोरच्या टीमसुद्धा त्यांना मागून घेऊ लागल्या.

आज सकाळी गाडीत नीलने जाहीर केलं होतं, "आई, आज कप जिंकला की आय ॲम डन. शनिवार माझ्या मुलींसाठी. पण जिंकल्याशिवाय नाही सोडणार."

"सुटले मी," सुप्रभा म्हणाली. शशिधर खिडकीबाहेर बघत राहिले.

नीलने किक मारली. बॉल उजव्या खांबाच्या अंगाने उंच निघून गेला. नेमका कुठून, ते एकाच माणसाला दिसलं. शशिधरांनी चष्मा सारखा केला आणि एक बोट दाखवलं. एकच पॉइंट.

नील लंगडत त्यांच्यापाशी आला. "बाबा, बॉल आत गेली होती."

"खांबाला घासला," शशिधर म्हणाले. "आणि बॉल गेला म्हणावं. गेली नाही."

समोरच्या टीमचा कॅप्टन येऊन त्यांचा हात हातात घेऊन उभा राहिला. इतका सचोटीचा माणूस आपण मेलबर्नलाही पाहिला नाही, असं त्याने चारचौघांत सांगितलं.

आईबाबांना त्यांच्या दाराशी सोडताना नीलने काच खाली केली. "वन मोअर सीझन," तो म्हणाला आणि गेला.

सुप्रभाने चहा टाकला. पोराचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"अहो, खरं सांगा. लागला होता खांबाला?"

शशिधर बुटांच्या नाड्या सोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"चांगला वीतभर आतून गेला," ते म्हणाले. "पण मग पुढच्या उन्हाळ्यात दर शनिवारी मी काय करायचं होतं?"