खोली रिकामी आहे

काकांचं मोठ्या भावाच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून चार महिने झाले होते. पत्र होतं जेमतेम तीन ओळींचं. ‘तुझी वहिनी गेल्यापासून घर खायला उठतं. थोडे दिवस तुमच्याकडे येऊ का? फोनवर मला धड ऐकू येत नाही, तेव्हा लिहूनच कळव.’

उत्तर लिहिलं नव्हतं असं नाही. अकरा वेळा लिहून झालं होतं. पण काकांचा जन्म दुसऱ्यांच्या पुस्तकांची प्रुफं तपासण्यात गेलेला. पाकीट चिकटवून पोस्टाच्या पेटीपाशी येईपर्यंत एखादं वाक्य हमखास खटकायचं. पेटी नर्सरीच्या फाटकाला लागूनच होती. ते पाकीट हातात धरून घुटमळले की आतून नर्सरीवाली विचारायची, “काय देऊ, काका?” आणि नुसताच उभा आहे म्हणायची लाज वाटून काका एक रोप घेऊन घरी जायचे. पाकीट खिशात.

आज बाराव्यांदा तेच झालं.

“तो नेचा द्या,” काका म्हणाले. बोट कोरफडीकडे होतं.

“नाही देणार.”

“विकायचा नाही का?”

“विकायचाय. तुम्हाला नाही.” नर्सरीवालीनं हातातली झारी खाली आपटली. “सकाळी काकू येऊन गेल्या. अक्षरशः हात जोडले हो त्यांनी, आता ह्यांना एक पानसुद्धा देऊ नका म्हणाल्या. मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. खाटेवरपण कुंड्या?”

“चारच आहेत. ऊन तिथंच येतं.”

“आणि ह्यांचे दादा आले तर झोपतील कुठे, असं विचारत होत्या मला. मला! मी काय सांगू?”

काकांनी चष्मा काढून पुसला.

“वीस वर्षं धंदा करतेय,” ती म्हणाली. “भांडण मिटवायचं असलं की माणसं फुलं नेतात. नवं घर घेतलं की झाडं नेतात. कुणी शेजारणीकडे आहे म्हणून नेतं, कुणी नुसतं नाव आवडलं म्हणून. सगळं पाहिलंय. पण सख्ख्या भावाला ये म्हणायचा धीर होत नाही म्हणून झाड नेणारं गिऱ्हाईक तुम्ही पहिलेच. वर पाणी घालायचं काकूंनी!”

“त्यानं येऊ नये असं नाही हो,” काका घाईघाईनं म्हणाले. “पण लिहिलेलं बरोबर उतरत नाही. ‘आम्हाला आनंद होईल’ लिहिलं, तर कचेरीतून आल्यासारखं वाटतं. काळजी दाखवली, तर त्याला वाटेल, कीव करतोय. फारच थोडं लिहिलं, तर...”

“आज काय लिहिलंय?”

“‘खोली रिकामी आहे’.”

नर्सरीवालीनं कपाळावर हात मारून घेतला. “प्रुफं तपासायचात ना तुम्ही? मग एवढी ढळढळीत चूक?”

काकांनी पाकीट फाडलं. कुंड्यांवर नावं लिहायचं जाड पेन तिनं पुढे केलं. मातीच्या पोत्यावर कागद टेकवून काकांनी ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं, ‘दादा, खोली भरलेली आहे. माझ्या एकट्याच्यानं कुंड्या हलत नाहीत. ये.’

पुन्हा वाचायला त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, तशी तिनं तो ओढून घेतला, घडी करून पाकिटात घातला, वरून चिकटपट्टी मारली आणि पाकीट त्यांच्या हातात ठेवलं.

“टाका.”

काकांनी टाकलं. ती झारी उचलून आत वळली.

बराच वेळ काका गेल्याची चाहूल लागली नाही म्हणून तिनं मागे पाहिलं. काका पेटीच्या फटीत दोन बोटं घालून वाकले होते. बोटं पोचत नव्हती.

“आता काय खटकलं, काका?”

“‘लवकर’ लिहायचं राहिलं.”