सुटलेला टाका

पुन्हा एक टाका सुटला होता. लोकरीच्या पांघरुणाच्या काठापासून जरा आत, आंधळ्यालाही दिसेल असा, आणि त्याच्याखाली शिडीसारखी उसवण लागलेली. आबांनी चष्मा पुसून परत पाहिलं. आतल्या खोलीत माईंचं दुपारचं घोरणं अगदी सुरळीत चालू होतं.

"अरे देवा," आबा पुटपुटले. "कालच तर एक सावरला!"

पांघरूण लेकीच्या नव्या घरासाठी होतं. माईंनी आयुष्यभर घरातलं सगळं विणलं. उशांचे अभ्रे, टेबलावरचा रुमाल, किटलीची टोपी, इतकंच काय, खुर्चीच्या पायांना मोजेसुद्धा. "मी जरा वेळ गप्प बसलो तर ही मलाही विणून टाकेल," असं आबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. पण एवढ्या पसाऱ्यात एक टाका कधी चुकला नव्हता. आबा स्वतः जन्मभर हातमागावर बसलेले, दुसऱ्याच्या विणीतली खोट काढण्यात पटाईत. बायकोच्या विणीत त्यांना कधी काही सापडलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते त्यांना जरा खुपायचंच.

मग अर्धांगवायूचा झटका आला आणि आबांचा डावा हात लुळा पडला. डॉक्टरीणबाईंनी रबरी चेंडू दिला, रोज दाबायला सांगितला. आबांनी तो दुसऱ्याच दिवशी भिरकावला. "मी काय रांगतं पोर आहे? माग चालवलाय या हातानं!" माईंनी विनवलं, मग रागावल्या, मग अबोला धरून पाहिला. आबा ढिम्म. शेवटी माईंनी नाद सोडला. रोज सकाळी नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावून द्यायची आणि आपलं विणकाम घेऊन बसायचं, असं सुरू झालं.

पांघरुणातली पहिली चूक दिसली तेव्हा आबांना गंमत वाटली. पाठोपाठ आणखी दिसल्या तेव्हा ती गंमत राहिली नाही. मागच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याचं असंच झालं होतं. आधी किल्ली कुठे ठेवली ते विसरला, मग घर विसरला, शेवटी बायकोलाच "आपण कोण?" म्हणाला. आज ही टाका विसरली, उद्या मला विसरेल. आबांना दुसरं काही सुचेना.

माईंना सांगायचं नाही, हे त्यांनी पक्कं केलं. घाबरेल बिचारी. लेकीलाही नाही. दुपारी माई आडव्या झाल्या की आबा क्रोशाची सुई घ्यायचे आणि सुटलेला टाका एकेक ओळ वर उचलत आणायचे. पहिल्या टाक्याला अख्खी दुपार गेली. डाव्या हातात वीण धरवेना, बोटं परक्याची असल्यासारखी वागायची. आबांनी सुईला शिव्या घातल्या, लोकरीला घातल्या, देवालाही सोडलं नाही. टाका जागेवर बसला तेव्हा ते घामाघूम झाले होते.

संध्याकाळी माई पांघरूण मांडीवर पसरून बघायच्या. "बरं जमतंय ना हो?"

"झकास," आबा तिकडे न बघता म्हणायचे.

"मग हा लोकरीचा गुंडा धरा बरं डाव्या हातात. मांजर पळवतंय सारखं. आणि घट्ट धरा, उगाच धरल्यासारखं नको."

एरवी आबांनी गुंडा परत फेकला असता. पण आजारी माणसाला नाही कसं म्हणायचं? एकदा तो हातातून निसटला आणि टप्पा खाऊन थेट कपाटाखाली गेला.

"किती करकचून गुंडाळतेस गं!"

"सवय," माई म्हणाल्या.

चुका थांबेनात. आधी काठाला व्हायच्या, मग मधे व्हायला लागल्या. मग माईंनी बारीक लोकरीची वेणीची नक्षी घेतली आणि वेणीचे पेडच उलटे पडू लागले. दुखणं खोल चाललंय, असं वाटून आबांचा जीव तुटायचा. बाकी मात्र माईंना सगळं लख्ख आठवायचं. दूधवाल्याचे खाडे, लेकीचं पहिलं पाऊल, आणि लग्नात आबा कशावरून रुसले होते तेही.

"तेवढं तरी विसर!" आबा म्हणायचे आणि लगेच जीभ चावायचे.

एका सकाळी त्यांनी पाहिलं तर आख्खी वेणीच चुकलेली. आबांचा धीर सुटला. ते ताडकन उठले, शर्ट चढवला, भराभर बटणं लावली, पायांत चपला सरकवल्या.

"चल. दवाखान्यात जायचंय."

"का हो? तुम्हाला बरं नाही?"

"मला काय धाड भरलीय? चल म्हणतो ना!"

माईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. पिशवी उचलून त्या निघाल्या. घाबरली, आबांना वाटलं. रस्ताभर त्यांनी माईंचा हात घट्ट धरून ठेवला.

दवाखान्यात आबांनी सगळं ओकून टाकलं. सुटलेले टाके, उलटे पेड, दुपारची चोरटी दुरुस्ती, सगळं. "हिच्या हातून चूक म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवला म्हणा ना," ते म्हणाले. "डॉक्टरीणबाई, मला काय व्हायचं ते होऊ दे. पण ही मला विसरली तर मला नाही सोसायचं."

डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि हे सगळं एवढं निगुतीनं नीट कोण करतं?"

"मीच! दुसरं कोण आहे घरात? मांजर?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या शर्टाकडे पाहिलं. गळ्यापर्यंतचं एकूण एक बटण लागलेलं होतं. मग त्यांनी माईंकडे पाहिलं. माई मान खाली घालून पिशवीच्या बंदाशी चाळा करत होत्या.

"माई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता चुकायचं थांबवलंत तरी चालेल."