एकेचाळीस नंबरचा बिल्ला

“बिल्ला उजव्या फळीवर आहे, म्हणजे माणूस बाहेर आहे. संपला विषय,” खाणीचा मॅनेजर प्रुएट साहेब म्हणाला.

खाणीत शिरताना आपला पितळी बिल्ला डाव्या फळीवर लावायचा, बाहेर आलं की उजव्या. केंटकीच्या या डोंगरांत आजे-पणजे हेच करत आले. डावी फळी आता रिकामी होती. एकेचाळीस नंबर, व्हर्लिन रॅटलिफचा, उजवीकडे लटकत होता.

“तुमचा संपला असेल,” होबार्ट साइझमोर म्हणाला. “माझा आत्ता सुरू झालाय.”

सकाळी नऊला खाणीत आग लागली होती. दोन वाजता खाणीचं तोंड भिंत घालून बंद करायचं ठरलं होतं. हवा तुटली की आग मरते. आत कुणी जिवंत असेल तर तोही मरतो. आता बाराला दहा मिनिटं कमी होती.

होबार्ट कामगार संघटनेचा माणूस, सुरक्षेचं काम बघायचा. अकरा वर्षांपूर्वी याच फळीसमोर त्याला सांगितलं होतं, तुझा भाऊ घरी गेला, हा बघ बिल्ला. तेव्हाही आग लागून भिंत घातली होती; चार महिन्यांनी ती फोडली, तेव्हा भाऊ तिच्या आत आठ फुटांवर सापडला. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणे. होबार्ट कंपनीनं दिलेलं पाणीसुद्धा फुंकून प्यायचा, आणि बरंच करायचा!

“आज व्हर्लिन कामावर आलाच नाही,” साहेब म्हणाला.

“पहाटे पाचला मी स्वतः त्याचा डबा भरला.”

दारात व्हर्लिनची बायको ओपल उभी होती. जेमतेम पाच फुटांची, जुलैच्या उकाड्यातही लांब बाह्यांचा स्वेटर, नखांत काळी माती. “खालच्या कप्प्यात पाणी, वर मक्याची भाकर. ट्रक घेऊन निघाला तो. मी परसात बटाटे काढत होते, तेवढ्यात भोंगा झाला. तशीच चालत आले, काका.”

“बस, पोरी. पाणी पी,” होबार्ट म्हणाला.

“आधी त्याला बघा,” ती म्हणाली.

होबार्ट आवारात गेला. व्हर्लिनचा निळा ट्रक कुंपणाशी उभा होता. त्यानं बॉनेटवर हात ठेवला, गार होतं. काचेतून बघितलं, चावी आतच होती, इथे सगळे ठेवतात तशी. मग तो दिव्यांच्या खोलीत गेला. प्रत्येकाच्या टोपीचा दिवा आपापल्या खुंटीवर होता. एकेचाळीसची खुंटी तेवढी मोकळी.

“दिवा कुठाय?”

“दुरुस्तीला. बुधवारी पाठवला,” साहेब म्हणाला.

“कागद दाखवा.”

“कागद दिव्याबरोबर येतो, होबार्ट. तुला माहितीय.”

“मला बरंच काही माहितीय. माणूस आला नाही, दिवा दुरुस्तीला गेला, आणि ट्रक काय देवानं आणून ठेवला?”

साहेबानं घाम पुसला. “मला नाही माहीत ट्रकचं. पण आत वायू साठलाय. मी माणसं पाठवणार नाही.”

“पाठवू नका. मी जातो.”

चौघे निघाले. सगळ्यांत लहान होता ड्यूई कॉम्ब्स, सव्वीस वर्षांचा, घरी दोन महिन्यांची मुलगी. “ताडमाडाला तिथे सोडून कसं चालेल!” तो विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा बांधत म्हणाला. साडेसहा फुटी व्हर्लिनला सगळे ताडमाडच म्हणायचे. कोळसा काढायच्या चार फूट उंचीच्या गाळ्यात तो मावतो कसा, यावर पैजा लागायच्या.

आत धुरानं हातभर पुढचं दिसत नव्हतं. ते रांगत गेले. खाणीत गेलेल्या पाण्याच्या पाइपावर हातोडीचे तीन ठोके द्यायचे, थांबायचं, कान लावायचा. उत्तर नाही. पुन्हा तीन ठोके. होबार्टला वाटलं, कुणीतरी ठोकतंय. त्यानं सगळ्यांना आणखी आत नेलं. तिथे छताचा दगड सुटला आणि ड्यूईच्या तोंडावरचा मुखवटा फाटला.

त्यांनी त्याला ओढत बाहेर आणलं. ओठ निळे पडले होते. रुग्णवाहिकेतल्या बाईनं होबार्टकडे बघून नकारार्थी मान हलवली. ड्यूईची बायको गाडीमागे धावत राहिली. होबार्ट खाणीच्या तोंडाकडे वळला. भावासाठी तेव्हा कुणी आत गेलं नव्हतं. व्हर्लिनसाठी निदान गेलं तरी.

दोन वाजता भिंत घालायला सुरुवात झाली.

होबार्टनं टेबलावर कागद आपटला. “लिहा. व्हर्लिन रॅटलिफ, बिल्ला एकेचाळीस, आग लागली तेव्हा खाणीत होता.”

“पण तो नव्हता रे—”

“ड्यूईच्या बायकोसमोर बोला हे.”

साहेबानं कागद पुढे ओढला. मग त्यानं लिहिलं, खाली सही केली. होबार्टनं एकेचाळीस नंबर उचलून स्वतःच्या हातानं डाव्या फळीवर लावला. अकरा वर्षांत कंपनीनं पहिल्यांदा खरं लिहून दिलं होतं. त्याला रडू कोसळलं, आणि त्यानं ते लपवलं नाही.

ओपलनं कागद दोनदा वाचला. घडी घालून स्वेटरच्या बाहीत सरकवला. बाही वर सरली तेव्हा मनगटावर पिवळे-जांभळे वळ दिसले. खाणकामगारांच्या बायकांना लाकडं फोडावी लागतात, सरपण वाहावं लागतं. होबार्टनं नजर वळवली.

“आता तो येणार नाही ना, काका?”

“नाही, पोरी.”

तिनं मोठा श्वास सोडला. “ट्रक कुणी घरी आणून देईल का? मला कुठे चालवता येतो.”

“मी आणतो. तू शेजारणीबरोबर पुढे हो.”

आवार रिकामं होईपर्यंत तो थांबला. भिंतीचा शेवटचा थर ओतून झाला होता. मग त्यानं निळ्या ट्रकचं दार उघडलं. ब्रेकच्या पेडलवर काळी माती सुकली होती. आत बसायला गेला, तर त्याला बसताच येईना. ताडमाड व्हर्लिनच्या ट्रकची सीट पार पुढे, पाच फुटांच्या माणसाचे पाय पोचावेत इतकी पुढे ओढलेली होती.