शेजारचा ब्रेक

टीव्हीवरच्या पहिल्या खेळातली गाडी वळण येताच अदबीने हळू झाली, वळली आणि पुन्हा पळू लागली, तेव्हा मास्तरीणबाई म्हणाल्या, "हा अगदी खरा वाटतो हो!"

जावयाने कपाळाला हात लावला. गाड्यांच्या शर्यतीचा कुठला खेळ जास्त अस्सल, यावरून त्याची मित्रांशी बोलाचाल बंद व्हायची वेळ आली होती. एखाद्या साध्यासुध्या माणसाचं मत घ्यावं म्हणून तो दोन्ही खेळ, स्टीअरिंग आणि पेडलं घेऊन सासुरवाडीला आला होता. स्टीअरिंग जेवणाच्या टेबलाला आवळून बसवल्यामुळे दुपारचं जेवण सगळ्यांनी उभ्यानेच उरकलं होतं.

"आई, हा खरा कसला? ह्यातली गाडी रस्त्यावर चालतच नाही, तरंगते. शिवाय नवशिक्यांसाठी ब्रेकसुद्धा तीच लावते. खरी गाडी कधी आपोआप थांबते का?"

"आमची थांबते," मास्तरीणबाई म्हणाल्या.

शेजारच्या खुर्चीतल्या मास्तरांनी घसा खाकरला. मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. अर्धं गाव त्यांच्याकडे गाडी शिकलं होतं. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या सीटपुढेही एक ब्रेक होता, आणि त्यामुळे अर्धं गाव जिवंत होतं. घरच्या शिष्येचा निकाल तेवढा लागत नव्हता. परवान्याच्या परीक्षेला मास्तरीणबाई दोनदा बसल्या आणि दोन्ही वेळा कचेरीची गाडी कचेरीच्याच भिंतीला लावून आल्या. तिसरी परीक्षा उद्या सकाळी होती.

"पुढच्या महिन्यात दे म्हणतोय मी," मास्तर म्हणाले. "शाळेच्या नावाचा प्रश्न आहे."

"उद्याच देणार. जावईबापू, दुसरा लावा."

दुसरा खेळ दिसायला बेताचाच होता. झाडं पुठ्ठ्याची वाटत होती. पण टेबलावरचं स्टीअरिंग एकदम जिवंत झालं. रस्त्यावरचा खडान्‌खडा मनगटाला कळू लागला.

"बघा, ह्याला म्हणतात गाडी!" जावई हरखून गेला. "टायर तापले की पकड बदलते. ब्रेक दाबला की सगळा भार पुढे..."

वळण आलं. रस्ता डावीकडे गेला, गाडी भिंतीत गेली.

"ब्रेक, आई!"

"थांबेल असं वाटलं."

पुन्हा सुरुवात, पुन्हा भिंत. तिसऱ्या वेळी भिंत आली तेव्हा 'धप्' असा आवाज झाला, पण तो टीव्हीतून आला नव्हता. मास्तरीणबाईंनी खाली पाहिलं. मास्तरांचा उजवा पाय सतरंजी दाबून बसला होता, बोटं पांढरी पडेपर्यंत.

"अहो, हे काय?"

"कुठे काय?"

"पाय."

"सवय आहे गं." पाय हलला नाही.

मास्तरीणबाईंनी स्टीअरिंग सोडलं. "कचेरीच्या गाडीत शेजारी ब्रेक असतो?"

"नसतो. इन्स्पेक्टरला काय करायचाय?"

"म्हणजे वर्षभर गाडी तुम्ही चालवलीत."

"छे छे! ब्रेक तेवढा माझा. बाकी सगळं तूच."

जावयाने खेळाचा रिकामा डबा उचलला आणि त्यावरचा बारीक मजकूर वाचायला घेतला.

"सगळ्यांनाच लावता ब्रेक, का मलाच?"

"भिंत आली की पाय जातो," मास्तर म्हणाले. "तू असलीस की जरा आधीच जातो. मग काय, तुला भिंतीत जाऊ देऊ?"

"जाऊ द्या."

मास्तरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. त्यानंतर त्या भिंतीला सगळ्या बाजूंनी गाडी लावून झाली. एकदा ब्रेक इतका आधी दाबला गेला की मागच्या तीन गाड्या येऊन आदळल्या. एकदा ब्रेक समजून दुसरंच पेडल दाबलं गेलं आणि भिंत वेळेआधी आली. जावई न राहवून सांगू लागला, ब्रेक सरळ रस्त्यावरच लावायचा असतो, वळणात नव्हे...

"जावईबापू, शेजारून गाडी चालवणारा एक माणूस पुरे आहे मला."

मास्तर दर वेळी सतरंजी दाबत राहिले. सतरंजीने त्यांचं एकदाही ऐकलं नाही.

मग एका फेरीत भिंत दिसू लागली आणि मास्तरीणबाईंचा स्वतःचा पाय गेला. स्टीअरिंग हातात थरथरलं, गाडीचं नाक खाली वाकलं, टायर किंचाळले. भिंत मोठी होत होत एका जागी थबकली. विटा मोजता आल्या असत्या. गाडी हळूच डावीकडे वळली आणि रस्त्याला लागली. तोवर बाकीची शर्यत केव्हाच पुढे निघून गेली होती.

"शेवटचा नंबर आहे तुमचा," जावई दबक्या आवाजात म्हणाला. "पण आता सांगा आई, खरा कुठला?"

"हाच. ह्यात ह्यांचा पाय पोचत नाही."

मास्तरीणबाईंना डोळ्याच्या कोपऱ्यातून तो पाय दिसत होता. सतरंजीपासून वीतभर वर, हवेत तसाच धरलेला.

"ठेवा आता खाली," पडद्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "दमला असेल."