देवघराची भिंत

शेजारच्या तांडेलांनी दार उघडताच शालिनी बिवलकरांनी तोंडाचा पट्टा सोडला. "आमच्या देवघराच्या भिंतीला माशांचा वास येतोय! बांगड्याची डोकी घालता ना तिला?"

"माझ्या बाजूने घालतो," तांडेल म्हणाले. बिल्डरने विटांऐवजी अख्खी इमारत जिवंत बुरशीची वाढवलेली. दोन घरांमध्ये भिंत एकच.

"आम्ही तिला तुळशीसारखं ऊन-पाणी देतो. खरकट्याचा हातसुद्धा लावत नाही."

"वहिनी, ते झाड नव्हे. उन्हावर बुरशीचं पोट भरत नाही. तिला आपल्यासारखं आयतं खायला लागतं, फक्त तोंड नसतं. समोर येईल त्यावर रस सोडते, बाहेरच पचवते आणि मग शोषून घेते. वर्षभर तुमचे देव माझ्या बांगड्यांच्या जिवावर उभे आहेत."

शालिनीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "यापुढे एक काटा घालायचा नाही!"

"नाही घालत."

पंधरवड्याने त्या देव पुसायला गेल्या, तर सागवानी देव्हाऱ्याची पाठ बोटाखाली रव्यासारखी भुसभुशीत झाली. भिंतीतून निघालेले पांढरे तंतू बाळकृष्णाच्या गादीपर्यंत पोचले होते.

त्यांनी दातओठ खात पुन्हा तांडेलांची बेल दाबली. आत त्यांना स्टीलची कपाटं दिसली. लाकडाचा एक तुकडा नव्हता.

"घाला ती डोकी परत," त्या कशाबशा म्हणाल्या.

तांडेलांनी हात जोडले. "आजपासून श्रावण लागला, वहिनी. महिनाभर आम्हीसुद्धा तुमच्यासारखेच."

आणि त्यांनी दार लावून घेतलं.